डिटेक्टर घेतलाय, लेस्टरला फिरवू की गावच्या गढीवर?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वर्षभरापूर्वी इंग्लंडात लेस्टरला आलात, साडेतीनशे पौंडांचा मेटल डिटेक्टर घेतलात, घराजवळच्या पार्कात फिरवायला गेलात तर कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंनी हटकलं. आता विचारताय की नेमकं कुठे फिरवायचं, सापडलेलं आपलं होतं का, आणि मे महिन्यात सातारा जिल्ह्यात गावी जाताना मशीन बॅगेत टाकून न्यावं का. कारण तुमच्या शेताला लागून एक पडकी गढी आहे आणि चुलते म्हणतात, "तिथं काहीतरी आहे."

मी इथे लेस्टरच्याच जिल्ह्यात तेरा वर्षं हा नाद करतोय. पोट नोकरीवर चालतं. हे फक्त रविवारचं. म्हणून सांगतो, तुम्ही मशीनबद्दल विचारलंय, पण मशीनची काही अडचण नाही. साडेतीनशे पौंडांचं मशीन पहिली तीन-चार वर्षं पुरून उरेल. अडचण वेगळी आहे. ज्या दिवशी खरंच काहीतरी लागेल त्या दिवशी हातून काय होईल, हे आधी ठरवायला लागतं. त्या दिवशी ठरवायला बसलात तर उशीर झालेला असतो, कारण तेव्हा छाती धडधडत असते आणि हात मातीत कोपरापर्यंत गेलेला असतो.

आमची आजी म्हणायची, पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं. मशीन पायाळू नसतं. त्याला धातू कळतो, धन कळत नाही. उदाहरणादाखल गेल्या सप्टेंबरातल्या एका सकाळची माझी पिशवी सांगतो. चार तासांत बंदुकीच्या काडतुसांच्या अकरा पितळी टोप्या, कोकच्या डब्यांच्या तीन कड्या, नांगराने चिरफाळलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, ट्रॅक्टरची एक पिन, दोन बटणं, शिशाची एक गोळी, आणि तिसऱ्या जॉर्जचा एक तांब्याचा अर्धा पेनी, इतका झिजलेला की राजाचं नाकसुद्धा उरलं नव्हतं. शेवटच्या अर्ध्या तासात नखाएवढा चांदीचा तुकडा, अर्धगोल. ती कापलेली पेनी होती. इथे १२७९ च्या आसपास गोल अर्धी पेनी निघेपर्यंत सुटे पैसे हवे असतील तर पेनीच मागच्या क्रुसाच्या रेघेवर कापायचे. कुणीतरी साडेसातशे वर्षांपूर्वी अर्ध्या पेनीची काहीतरी खरेदी करायला निघाला होता आणि ती त्याच्या हातून पडली. मला एवढ्यावर आठवडाभर झोप लागत नाही. तुमचं असं होत नसेल, सोन्याच्या हंड्याकडेच डोळे असतील, तर मशीन आत्ताच विकून टाका. हे टोचून म्हणत नाही. पैशांचा हिशेब घातला तर हा छंद तोट्याचाच आहे.

आता कुठे फिरवायचं. पार्क कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं असतं, त्यामुळे तिथे कौन्सिलची परवानगी लागते, आणि बऱ्याच कौन्सिली ती देत नाहीत. त्या बाईंचं बरोबर होतं. इंग्लंडात मालक नाही अशी जमीन नसते. पडीक दिसली, कुंपण मोडलेलं असलं, तरी ती कुणाची तरी आहे. ज्या जागा शेड्यूल्ड मॉन्युमेंट, म्हणजे संरक्षित प्राचीन वास्तू म्हणून नोंदलेल्या आहेत तिथे तर १९७९ च्या कायद्याने परवानगीशिवाय मशीन चालू करणंच गुन्हा आहे, खणणं दूरच राहिलं. त्यांचा नकाशा ऑनलाइन आहे. शेत ठरवण्याआधी तो उघडायचा.

राहतं शेत. शेतकऱ्याची परवानगी मिळवणं हा या छंदातला सगळ्यात अवघड भाग, आणि त्याला कुठलंही यंत्र नाही. मी पहिल्या वर्षी तेवीस दारं ठोठावली, दोन उघडली. फोन करू नका, ईमेल तर नकोच. सुगी संपल्यावर, संध्याकाळी, स्वच्छ बूट घालून जा. स्वतःचं नाव, कुठे राहता, काय करता ते सांगा. विमा आहे हे सांगा. डिटेक्टरवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं सदस्यत्व घेतलं की तो मिळतो. कापणी झाल्यापासून पुढची पेरणी होईपर्यंतच येईन, खड्डा बुजवून जाईन, शेतातलं भंगार उचलून नेईन, असं म्हणा आणि तसंच करा. माझ्या एका शेतकऱ्याला माझ्या नाण्यांचं काडीचं कौतुक नाही. पण मी दरवर्षी त्याच्या शेतातून बादलीभर लोखंड काढतो, त्याच्या टायरांचे पैसे वाचतात, म्हणून मला फाटकाची किल्ली आहे.

आणि पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून घ्या की मोलाचं काही निघालं तर वाटा कसा. निम्मं-निम्मं ही इथली रीत आहे. आपल्याला हे बोलायला अवघड जातं, "आधीच पैशांचं काय बोलायचं" असं वाटतं. पण हंडा निघाल्यावर बोललात तर भावाभावांत होतं तेच होतं.

एक चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. पहिल्या हिवाळ्यात मला एक रोमन तांब्याचं नाणं मिळालं. हिरवंगार, वर मातीचा थर, पण एका अंगाने मुकुटाची टोकं दिसत होती. आई देवाची तांब्याची भांडी चिंचेने घासायची, ते डोक्यात. घरात चिंच होतीच. दहा मिनिटं घासलं. नाणं लखलखीत झालं आणि त्यावर काहीच राहिलं नाही, कारण जुन्या तांब्याच्या नाण्याचा चेहरा बहुतेकदा त्या हिरव्या थरातच टिकलेला असतो. खालचा धातू केव्हाच कुजलेला असतो. जिल्ह्यात सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकारी बाईंना ते दाखवलं. त्यांनी तळहातावर दोनदा उलटंसुलटं केलं, "बहुधा तिसरं शतक" म्हणाल्या, आणि हळूच माझ्या हातात परत ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तर, घासायचं नाही, पाण्याखाली धरायचं नाही. माती लागलेली तशीच पिशवीत.

त्या पिशवीवर मात्र लिहायचं. इथून पुढचं नीट वाचा, कारण नवशिक्याला हेच सगळ्यात कंटाळवाणं वाटतं. तारीख, शेत, खोली, आणि फोनवरच्या नकाशातला ग्रिड नंबर. प्रत्येक वस्तूचा वेगळा, काडतुसाच्या टोप्या सोडून. का, ते तुमच्या घरापासून तासाभराच्या आत दिसतं.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड लेस्टरच्या कार पार्कखाली सापडला हे तुम्हाला आल्या आल्या कुणीतरी सांगितलं असेलच. तो ज्या लढाईत मेला ती बॉसवर्थची लढाई, १४८५ सालची. तिची जागा म्हणून एका टेकडीवर माहिती केंद्र उभं राहिलं, झेंडे लागले, शाळांच्या सहली यायला लागल्या. २००५ पासून पुरातत्त्ववाल्यांनी अनुभवी डिटेक्टरवाल्यांना घेऊन आसपासची शेतं ओळीने पिंजून काढली, प्रत्येक वस्तूची जागा जीपीएसवर टिपत. बरीच वर्षं हाती फारसं लागलं नाही. मग शिशाचे गोळे यायला लागले, तोफेचे आणि हातबंदुकांचे. शेवटी तीसच्या वर गेले. ते नकाशावर मांडल्यावर दिसलं की लढाई टेकडीवर झालीच नव्हती. ती सुमारे तीन किलोमीटर नैर्ऋत्येला, एका जुन्या दलदलीच्या काठाने झाली होती. तिथेच चांदीवर सोन्याचं पाणी दिलेला, अंगठ्याच्या पेराएवढा रानडुकराचा बिल्ला मिळाला. रानडुक्कर हे रिचर्डचं चिन्ह.

आता विचार करा. शिशाचा गोळा भंगारवाल्याकडे किती पेन्सला जाईल? कायद्याच्या भाषेत तो 'ट्रेझर', म्हणजे सरकारला कळवावाच लागणारा ठेवाही नाही. त्याआधी कुणी हौशी माणसाने त्यातले पाच-सहा उचलून घरी पेपरवेट म्हणून ठेवले असते, तर त्याने कुठलाही कायदा मोडला नसता आणि लढाईची जागा मात्र पुसली असती. एकटा गोळा मुका असतो. तो कुठे पडला होता हे माहीत असेल तरच तो बोलतो. माझ्या पिशवीतली ती शिशाची गोळी मी का नोंदवतो, ते यावरून कळेल.

आणि हात कुठे थांबवायचा? माझा नियम नांगराचा आहे. नांगर जिथवर पोचतो तिथवरची माती, साधारण वीतभर ते सव्वा वीत, शेकडो वर्षं उलटीपालटी होत आली आहे. तिच्यातली वस्तू मूळ जागेवरून थोडी सरकलेलीच असते, ती काढली तर इतिहासाचं फार बिघडत नाही. नोंद केली की झालं. त्याखालची माती मात्र कुणी हलवलेली नसते. तिथे वस्तू जशी ठेवली तशी आहे, शेजारी काय आहे, वर काय आहे, आत काय आहे, सगळं जागच्या जागी. सिग्नल वीतभराच्या खाली गेला, किंवा एका खड्ड्यात एकापाठोपाठ नाणी यायला लागली, की हात मागे घ्यायचा. माती परत लोटायची, जागेची खूण लक्षात ठेवायची, फोन करायचा.

सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ २०१० मध्ये एका हौशी माणसाने हेच केलं. आधी काही नाणी, मग मडक्याचा काठ दिसला, आणि तो उठला. पुरातत्त्ववाल्यांनी ते मडकं थराथराने रिकामं केलं. आत ५२,५०३ रोमन नाणी निघाली, वजन १६० किलोच्या आसपास. थर वेगळे ठेवल्यामुळे एक गंमत कळली: सगळ्यात नव्या नाण्यांचा मोठा गठ्ठा वर नव्हता, मडक्याच्या निम्म्याहून खाली होता. म्हणजे कुणी वर्षानुवर्षं बचत टाकत गेलं नव्हतं. सगळं एका वेळी ओतलं होतं. मग कदाचित लपवलेलं धन नसेल, देवाला वाहिलेलं असेल, असा विचार सुरू झाला. त्या माणसाने उत्साहाच्या भरात ओंजळी भरभरून नाणी बादलीत टाकली असती तर नाणी तेवढीच राहिली असती, ही एक गोष्ट मात्र कायमची गेली असती.

कायदा थोडक्यात. इंग्लंड-वेल्ससाठी १९९६ चा ट्रेझर ॲक्ट. त्यात 'ट्रेझर' म्हणजे तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली, नाणं सोडून इतर वस्तू. अशा धातूची एकाच ठिकाणची दोन किंवा अधिक नाणी. तांब्या-पितळेची असतील तर दहा किंवा अधिक. २०२३ पासून यात भर पडली: दोनशे वर्षांहून जुनी, धातूची आणि इतिहासाच्या दृष्टीने असामान्य वस्तूही येते, मग ती काशाची का असेना. अशी वस्तू मिळाली की १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा शोधांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला कळवायचं. प्रत्यक्षात तुम्ही जिल्ह्याच्या नोंद अधिकाऱ्याकडे जाता आणि पुढचं ते मार्गी लावतात. संग्रहालयाने ती घेतली तर बाजारभावाने बक्षीस मिळतं आणि ते तुमच्यात व जमीनमालकात वाटलं जातं. बाकीच्या वस्तू, म्हणजे माझी ९९ टक्के पिशवी, पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडे स्वखुशीने नोंदवायच्या. ब्रिटिश म्युझियम ती चालवतं, नोंदी पंधरा लाखांवर गेल्या आहेत, आणि वस्तू बहुतेकदा तुम्हाला परत मिळते. स्कॉटलंडला जाल तेव्हा हे सगळं विसरा. तिथला कायदा वेगळा आहे.

लपवलं तर काय? २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला साठा मिळाला. त्यातल्या काही नाण्यांवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सियाचा राजा यांच्या युतीची खूण होती. त्यांनी कळवलं नाही, गुपचूप विकायला काढली. २०१९ मध्ये दोघं तुरुंगात गेले आणि साठ्यातली बहुतेक नाणी आजही बेपत्ता आहेत. कळवलं असतं तर कायदेशीर बक्षिसाचे लाखो पौंड हातात आले असते.

आता तुमची गढी. इथे माझं मत ठाम आहे: मशीन नेऊ नका.

कायद्याची बाजू आधी. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा कायदा अजून चालू आहे. मूळ कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही जमिनीतून निघालं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कधी. मालक कुणी ठरला नाही तर, वेगळा करार नसल्यास, चारातले तीन हिस्से ज्याला सापडलं त्याचे, एक जागामालकाचा. सरकारला हवं असेल तर ते किंमत देऊन घेतं. न कळवल्यास तुमचा वाटा सरकारजमा आणि वर्षापर्यंत कैद. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडला चिखलीत बांधकामाच्या मातीत २१६ सोन्याची नाणी मिळाली, ती मजुरांनी घरी ठेवली. पोलीस आले आणि नाणी गेली. शिवाय गढी राज्याची किंवा केंद्राची संरक्षित वास्तू असेल तर तिथे कुदळ लावणं हाच गुन्हा. ती कुणाच्या नावावर आहे हेही तुम्ही लिहिलेलं नाही. शेताला लागून आहे म्हणजे तुमची आहे असं नाही.

पण माझी खरी भीती कायद्याची नाही. लेस्टरच्या शेतात मी मशीन घेऊन उतरलो तर शेतकरी हात हलवतो. तुमच्या गावात इंग्लंडहून आलेला पाहुणा गढीमागे यंत्र फिरवताना दिसला, तर संध्याकाळपर्यंत चावडीवर हंडा निघालेला असेल आणि तुम्ही विमानात बसायच्या आत तिथे रात्री खड्डे पडलेले असतील. गुप्तधनापायी आपल्याकडे किती गढ्यांचे बुरूज पोखरले गेले, किती नंदी उलथे पडले, ते आडबाजूच्या गावांत फिरणाऱ्याला ठाऊक आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी प्रकारांचा उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही. चुलते "काहीतरी आहे" म्हणतात, ते गावात आणखी किती जण म्हणत असतील याचा अंदाज करा.

आणि आपल्या जमिनीत खरंच काही नाही असं थोडंच आहे? नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, १३,००० हून अधिक, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा परत मारलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांना हरवलं याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. पण तो एका नाण्यात नाही, त्या प्रमाणात आहे. त्यातली मूठभर कुणी दागिन्यांसाठी वितळवली असती तर चाललं असतं. दहा हजार वितळवली असती तर आपण आज अंदाजच बांधत बसलो असतो.

गावी हातपाय बांधून बसा असं म्हणत नाही. गढीच्या आसपास पांढरी माती आहे का बघा. चुलत्यांना 'पांढर' म्हणा, लगेच दाखवतील. जुन्या वस्तीची ती राख-मातीची टेकाडं. मे महिन्यात वळवाचा एक चांगला पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी नुसतं डोळ्यांनी चालत जा. खापरं, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, मणी धुऊन वर आलेले दिसतील. उचलू नका, जागेवरच फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. ग्रिड नंबरऐवजी गट नंबर लिहा. बांधावर वीरगळ, सतीशिळा असेल तर तिचा फोटो. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर असंच आपलं एक गाव पायाखाली घातलं आणि त्यांच्या संग्रहातून तिथलं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. ते फोटो जिल्ह्याच्या शासकीय संग्रहालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला पाठवा. उत्तर यायला वेळ लागेल, पाठवत राहा.

आणखी एक. नांगरताना मिळालेली शिवराई चुलते कौतुकाने तुमच्या हातात ठेवतील. ती तिथेच देव्हाऱ्यात राहू द्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारताबाहेर न्यायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. उलट बाजूनेही तसंच: इथल्या मातीतून निघालेली पन्नास वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय आईला दाखवायला नेता येत नाही. फोटो न्या.

आता ते मशीन पेटीत ठेवा आणि तोवर लेस्टरहून मार्केट हारबरोला एक चक्कर मारा. हॅलटन गावच्या हौशी मंडळींना २००० साली मिळालेल्या साठ्यातली नाणी आणि चांदीचा मुलामा दिलेलं रोमन शिरस्त्राण तिथल्या संग्रहालयात आहे. गाववाल्यांनी वेळेवर हात थांबवला म्हणून तिथे अख्खं उघड्यावरचं देवस्थान उजेडात आलं, नैवेद्याच्या डुकरांच्या हाडांसकट. ऑगस्टच्या शेवटी परत इथे लिहा. कापणी झाली की माझ्या एका शेतकऱ्याला विचारतो, दोघांना घेऊन येऊ का म्हणून. बूट मात्र स्वतःचे आणा, माझे जादाचे गळतात.